खिशातला कॅल्क्युलेटर आणि त्यातली लपलेली कामे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला आणि पुढच्या वर्षी आपण दहावीची परीक्षा दिली. त्या परीक्षेत कॅल्क्युलेटरला परवानगी नव्हती. बारावीलाही लॉगचीच पुस्तिका होती. त्यामुळे आपल्यापैकी जे पुढे अभियांत्रिकीला गेले, त्यांच्या हातात सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्यांदा आला तो सतराव्या-अठराव्या वर्षी. शहरातल्या मुलांना तो सरावाचा होता. आपल्याकडे होती ती फक्त डब्यातून निघालेली बारीक अक्षरांची इंग्रजी घडीपत्रिका. उत्तर चुकले की वाटायचे, आपणच कच्चे. पण त्या यंत्राचा इतिहास पाहिला की दोष नेमका कुठे आहे ते कळते.

१९६१ साली ब्रिटनमध्ये आलेला ‘अनिता’ हा पहिला पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवायचा होता. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ साली अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने काढला. बिल ह्यूलेट यांच्या सदऱ्याच्या खिशात बसला पाहिजे, यावरून त्याचा आकार ठरला. बटणे ३५, म्हणून नाव एचपी-३५. किंमत ३९५ डॉलर. त्यात जवळपास प्रत्येक बटणाला एकच काम होते आणि ते त्याच्याजवळच लिहिलेले होते.

पुढच्याच वर्षी एचपी-४५ आला. कामे वाढली, पण खिसा तेवढाच राहिला. म्हणून एक सोनेरी शिफ्ट बटण बसवले. ते आधी दाबले की दुसऱ्या बटणाचा अर्थ बदलायचा. याच यंत्रात एक स्टॉपवॉचही दडलेले होते, ज्याचा माहितीपुस्तिकेत उल्लेखच नव्हता. आरसीएल दाबून मग सीएचएस, ७ आणि ८ ही तीन बटणे एकदम दाबली की ते सुरू व्हायचे. क्वार्ट्झचा स्फटिक नसल्यामुळे ते वेळ अचूक दाखवत नसे. ज्याला कोणी सांगितले त्यालाच ते माहीत. बटणावर लिहिलेले नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही. हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

आपल्या कॉलेजच्या काळात कॅसिओची एमएस मालिका सर्वत्र होती. एफएक्स-९९१एमएसमध्ये ४०१ कामे होती आणि बटणे मात्र पन्नासही नव्हती. बाकीचे सगळे शिफ्ट, अल्फा आणि मोड यांच्या मागे. एफएक्स-८२एमएसवर कोन अंशात घ्यायचा तर मोड दोनदा दाबून १ दाबायचा. ९९१एमएसवर त्याच कामासाठी मोड चारदा. एका बाकावरच्या दोघींकडे एकाच कंपनीची दोन मॉडेल्स असली, तरी एकीचे पाठ केलेले दुसरीच्या उपयोगाचे नव्हते. थोरल्या भावाचा जुना कॅल्क्युलेटर वारशाने मिळाला असेल, तर त्यावर आधी ३० आणि मग साइन दाबावे लागे. नव्यावर आधी साइन, मग ३०.

कोनाच्या एककाचे उदाहरण घ्या. साइन ३० अंश म्हणजे ०.५, हे आपल्याला शाळेत पाठ होते. यंत्र रेडियनवर असेल तर उत्तर येते उणे ०.९८८. ते पाहून निदान शंका तरी येते. पण ते ‘ग्रा’वर असेल तर ०.४५४ येते आणि हे उत्तर अगदी सभ्य दिसते. हे तिसरे एकक, ग्रेडियन, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या दशमान सुधारणेतून आले. त्यात काटकोनाचे १०० भाग करतात. आपल्याला त्याची गरज कधी पडली नाही, पण आपल्या यंत्रात ते होते. कोणते एकक चालू आहे हे सांगायला पडद्याच्या वर फक्त एक बारीक इंग्रजी अक्षर.

मोंढ्यातल्या टेबलावरचे कॅल्क्युलेटरही याच जातीचे. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या हळद बाजारात ७ क्विंटल ३५ किलोची पट्टी १३,२०० रुपये दराने करायची, तर ९७,०२० रुपये होतात. अशा अनेक पट्ट्यांची बेरीज ‘जीटी’ बटण एका दाबात देते. ज्याला ते माहीत नाही, तो प्रत्येक आकडा कागदावर उतरवून पुन्हा बेरीज करतो.

मी गेली अनेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मेनू कसे तयार होतात ते रोज पाहते. जागा कमी असते, मागण्या वाढत जातात, आणि बनवणाऱ्याला सगळे ठाऊक असल्यामुळे त्याला ते सोपेच वाटते. अलीकडच्या एफएक्स-९९१सीडब्ल्यूवर ‘बरोबर’च्या चिन्हाच्या जागी ‘एक्झी’ आले आणि एनसीआरसारखी कामे कॅटलॉग नावाच्या यादीत गेली. म्हणजे पन्नास वर्षांनीही शोधाशोध संपलेली नाही.

यावर आपल्याकडे एक जुना उपाय आहे, तो म्हणजे अंदाज. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ असायची. लॉगच्या पुस्तिकेत तर सगळे उघड्यावर होते आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते आपले आपणच ठरवायचो. तेराचा पाढा येणाऱ्याला वरच्या पट्टीचे उत्तर ९१ हजारांच्या पुढे जाणार हे आधीच कळते. यंत्राने ९,७०२ दाखवले, तर तो पैसे मोजायला घेणार नाही. आपल्या शिक्षकांनी पाढे घोटून घेतले, त्याचा उपयोग हा असा.

आपल्या बॅचतर्फे शाळेला काही भेट द्यायची चर्चा आहे. त्यात सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतील, तर प्रत्येकासोबत एक पानाचा मराठी तक्ता द्यावा, असे मी सुचवते. कोन अंशात कसा आणायचा, पडद्यावर कोणते अक्षर पाहायचे, सगळे बिघडल्यास मूळ स्थितीत कसे न्यायचे, एवढेच त्यात असावे. हा तक्ता लिहायची जबाबदारी माझी. त्याची पहिली ओळ ठरलेली आहे: काम सुरू करण्यापूर्वी साइन ३० काढून पाहा, ०.५ आले तरच पुढे जा.