जामीन कोण राहिलं होतं?



नवऱ्याने बाहेर करून ठेवलेली उधारी बायकोने फेडायची का, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी पडतो. आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, तिच्यात असाच प्रश्न एका सबंध देशापुढे आला होता. देशातल्या खासगी बँका बुडाल्या आणि त्यांचं देणं तुम्ही फेडा, असं सामान्य माणसांना सांगण्यात आलं. मासेमार, मेंढपाळ, नर्सबाई, शाळामास्तर, सगळ्यांनाच. त्यांनी काय उत्तर दिलं आणि ते उत्तर त्यांना केवढ्याला पडलं, ते बघू.

देशाचं नाव आइसलँड. युरोपच्या उत्तरेला, समुद्रातलं थंडगार बेट. २००८ साली तिथली लोकसंख्या होती सुमारे ३ लाख २० हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. मासेमारी हा जुना धंदा. तिथल्या मोठ्या बँका पूर्वी सरकारी होत्या. २००२-०३ च्या सुमारास सरकारने त्या खासगी मालकांना विकल्या आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या फुगत गेल्या. लांड्सबांकी, कौप्थिंग आणि ग्लिटनीर या तीन बँकांचा पसारा २००८ पर्यंत देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाला. घरात वर्षाला एक लाख येतात आणि थोरल्या मुलाने दहा लाखांचा व्यवहार अंगावर घेतला आहे, असं समजा. धंदा चालतो तोवर सगळे त्याचं कौतुक करतात.

यातल्या लांड्सबांकीने ऑक्टोबर २००६ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनेटवर चालणारं बचत खातं सुरू केलं. नाव ठेवलं ‘आइससेव्ह’. मे २००८ मध्ये तेच नेदरलँड्समध्ये नेलं. व्याज इतर बँकांपेक्षा चढं. आपल्याकडे गावात नवी पतसंस्था येते, दोन टक्के जास्त देते आणि महिन्याभरात बाजारपेठेतल्या सगळ्यांची पिग्मी तिच्याकडे वळते, तसंच झालं. ब्रिटनमध्ये ३ लाखांवर आणि नेदरलँड्समध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी पैसे ठेवले. म्हणजे परदेशातले ठेवीदारच आइसलँडच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाले! आपल्या जिल्हा परिषदा-नगरपालिकांसारख्या ब्रिटनमधल्या शंभरावर स्थानिक संस्थांनीही लोकांच्या कराचा पैसा आइसलँडच्या बँकांत ठेवला होता.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरून झालं. आइससेव्ह ही ब्रिटनमध्ये नोंदवलेली वेगळी बँक नव्हती, ती लांड्सबांकीची नुसती शाखा होती. त्यामुळे तिच्या ठेवींच्या विम्याची पहिली जबाबदारी आइसलँडच्या ठेव-हमी निधीवर होती. युरोपच्या नियमाप्रमाणे दर ठेवीदारामागे किमान २०,८८७ युरो, तेव्हाच्या भावाने साधारण तेरा लाख रुपये. निधीत पैसे बँकांनीच भरायचे असतात. पण देशातल्या तिन्ही मोठ्या बँका एकाच आठवड्यात बुडाल्या, तर असा निधी कितीला पुरणार?

आणि नेमकं तेच झालं. ऑक्टोबर २००८ च्या पहिल्या पंधरवड्यात तिन्ही बँका कोसळल्या. ६ ऑक्टोबरला संसदेने तातडीचा कायदा केला. बुडालेल्या बँकेच्या मालमत्तेवर पहिला हक्क ठेवीदारांचा, बँकेला मोठमोठी कर्जं देणाऱ्यांचा नंबर मागाहून, असं त्यात ठरलं. देशातल्या ठेवी नव्या सरकारी बँकांत हलवल्या, त्यामुळे आइसलँडच्या माणसाची ठेव शाबूत राहिली. परदेशातल्या ठेवी मात्र जुन्या, बुडालेल्या बँकेतच राहिल्या. ब्रिटनच्या सरकारने ८ ऑक्टोबरला लांड्सबांकीची तिथली मालमत्ता गोठवली, तीही दहशतवादविरोधी कायद्यातलं कलम वापरून. आइसलँडची माणसं ते अजून विसरलेली नाहीत.

ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी आपापल्या ठेवीदारांना आपल्या खजिन्यातून पैसे दिले, आणि मग आइसलँडकडे वसुली मागितली. आकडा जवळपास ३९० कोटी युरोंचा. तान्ह्या बाळापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांत वाटला, तर माणशी बारा हजार युरो. आपले साधारण आठ लाख रुपये, आणि वर व्याज.

तोवर त्या घरांची दशा काय होती तेही ऐका. त्यांच्या चलनाची, क्रोनाची, किंमत निम्म्यावर आली होती. महागाई जानेवारी २००९ मध्ये १८ टक्क्यांवर गेली. बेकारी दोन टक्क्यांच्या आसपास असायची ती आठाच्या वर चढली. घराची कर्जं महागाईच्या आकड्याला बांधलेली. म्हणजे महागाई वाढली की हप्ता तर वाढतोच, मुद्दलही वाढतं. बाई दर महिन्याला इमानाने हप्ता भरते आणि वर्षाअखेर बघते तर देणं आणखी फुगलेलं. अनेकांनी गाड्यांसाठी परदेशी चलनाला जोडलेली कर्जं घेतली होती, ती तर एकदम दुप्पट झाली.

माणसं रस्त्यावर आली. रेक्याविक या राजधानीत संसदेसमोरच्या चौकात जानेवारी २००९ मध्ये लोकांनी घरातली भांडी नेऊन बडवली. पातेली, झाकणं, पळ्या. थाळीनाद आपल्याला माहीत आहे. तिथे त्या आवाजाने पंतप्रधान गेइर हार्डे यांचं सरकार गेलं आणि योहाना सिगुर्दार्दोत्तिर या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. नाव उच्चारायला अवघड आहे, पण अर्थ सोपा, ‘सिगुर्दुरची मुलगी’. तिकडे बहुतेकांना आडनावच नसतं आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. बुडालेल्या बँकांच्या जागी उभ्या केलेल्या तीनपैकी दोन नव्या बँका बायकांच्या हाती दिल्या गेल्या. घर जळल्यावर राख सावरायला बाई आठवते, हे तिथेही आहे म्हणायचं.

योहानाबाईंच्या सरकारला वाटत होतं की तडजोड करून हे प्रकरण मिटवावं. देशाला बाहेरून कर्ज हवं होतं आणि तंटा सुटल्याशिवाय ते सुरळीत मिळेना. ३० डिसेंबर २००९ ला संसदेने ३३ विरुद्ध ३० मतांनी कायदा केला, की सरकार हमी घेईल आणि २०२४ पर्यंत ५.५५ टक्के व्याजाने पैसे फेडले जातील. हमी घेईल, हा शब्द लक्षात ठेवा. तोवर ती कोणी घेतलेली नव्हती.

लोकांनी सह्यांची मोहीम काढली. ५६ हजारांवर सह्या जमल्या, म्हणजे दर चार मतदारांमागे जवळपास एक. राष्ट्राध्यक्ष ओलाफुर रॅग्नार ग्रिमसन यांनी ५ जानेवारी २०१० रोजी कायद्यावर सही करायला नकार दिला. तिथल्या घटनेप्रमाणे मग प्रश्न थेट जनतेकडे जातो. ६ मार्चला मतदान झालं. फेडायला हो म्हणणारे दोन टक्केही निघाले नाहीत. नाही म्हणणारे ९३ टक्के. बाकीच्या मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद.

त्यानंतर ब्रिटन-नेदरलँड्स बरेच नरमले. व्याज तीन-सव्वातीन टक्क्यांवर आलं, मुदत २०४६ पर्यंत लांबली. संसदेने हा करार चांगल्या बहुमताने मान्य केला. राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा सही नाकारली. ९ एप्रिल २०११ ला दुसरं मतदान झालं. या वेळी सुमारे ४० टक्के लोक म्हणाले, देऊन टाका आणि मोकळे व्हा. साठ टक्के तरीही ‘नाही’वर राहिले. मला हे दुसरं मतदान पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. संतापाच्या भरात ९३ टक्के मिळणं एक वेळ सोपं आहे. सवलत समोर ठेवली असताना, नाही म्हटलं तर कोर्टात आणखी मोठा बोजा पडू शकतो हे माहीत असताना ठाम राहणं अवघड.

कोर्टाचा निकाल २८ जानेवारी २०१३ ला लागला. युरोपातल्या अशा तंट्यांसाठी लक्झेंबर्गला असलेल्या एफ्टा न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. त्याचं सार असं, की ठेव-हमीची व्यवस्था उभारणं हे सरकारचं काम होतं, ते सरकारने केलं होतं. सगळी बँकव्यवस्थाच एकदम कोसळली आणि निधीला देणं झेपलं नाही, तर ते सरकारने, म्हणजे करदात्याने, खिशातून भरावं असं त्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

आता आपल्या बचत गटाकडे बघा. गटातल्या एकीचं कर्ज थकलं तर आपण सगळ्या मिळून भरतो आणि भरलंच पाहिजे. का? कारण मीटिंगमध्ये ठराव झाला, इतिवृत्तावर आपल्या सह्या झाल्या, कर्ज कशासाठी घेतलं ते आपल्याला माहीत होतं. म्हैस घेतली असेल तर ती दारात बांधलेली आपण पाहिली. आइसलँडच्या त्या नर्सबाईने आइससेव्हच्या कुठल्या कागदावर सही केली होती? नफा झाला तेव्हा तिला कोणी वाटा दिला होता? म्हणून ‘नाही’ म्हणणं रास्त होतं, असं माझं मत आहे. पण त्यावरून कोणी आपल्या गटाचा हप्ता बुडवायचं निमित्त काढू नये, ती गोष्टच वेगळी.

मात्र समोरच्या बाजूचंही ऐकून घ्यायला हवं. लंडनमध्ये पैसे ठेवणारी निवृत्त शिक्षिका काही सावकार नव्हती, तीही आपल्यासारखीच. आइसलँडने आपल्या लोकांच्या ठेवी पूर्ण वाचवल्या आणि तिच्या नाही, हे तिला टोचणारच. शिवाय बँका विकणारी, त्यांना मोकाट सोडणारी सरकारं लोकांनीच पुन्हा पुन्हा निवडून दिली होती. हे मुद्दे काही पोकळ नाहीत. पण देखरेखीत चुकलेल्या सरकारला जाब विचारणं वेगळं आणि बँकेचं देणं नर्सबाईच्या पगारातून कापणं वेगळं.

देखरेखीची चौकशीही झाली. तीन जणांच्या आयोगात सिगरिदुर बेनेडिक्त्सदोत्तिर या अर्थशास्त्रज्ञ बाई होत्या. एप्रिल २०१० मध्ये अहवाल आला, दोन हजारांवर पानांचा. बँकांचे मालकच आपापल्या बँकांचे मोठे कर्जदार होते, हे त्यात उघडं पडलं. रेक्याविकच्या नाट्यगृहात नटनट्यांनी तो अहवाल पाळीपाळीने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. आम्हा रेडिओवाल्यांना याचा हेवा वाटतो! पुढे काही बँकप्रमुख तुरुंगातही गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कौप्थिंगच्या वरिष्ठांच्या चार ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा कायम झाल्या.

शेजारच्या आयर्लंडने उलट केलं. २००८ च्या सप्टेंबरअखेर एका रात्रीत सरकारने सहा बँकांच्या देण्यांची हमी घेतली. जामीनपत्रावर सही करावी तशी. लोकांना विचारलं नाही. बँका सावरायला शेवटी ६४०० कोटी युरो सरकारी तिजोरीतून गेले आणि देश ४५ लाखांचा.

आपल्याकडे हा धडा अकोल्याने दिलेला आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हा संरक्षण होतं १५०० रुपयांचं. १९९३ पासून एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. एका बँकेत एका माणसाचं मुद्दल-व्याज मिळून पाच लाख. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. व्यापारी बँका आणि नागरी, जिल्हा, राज्य सहकारी बँका यात येतात. पतसंस्था येत नाहीत. संस्थेच्या पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, ठेव ठेवण्याआधी काउंटरवर एवढंच विचारायचं, ‘साहेब, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का?’

मग आइससेव्हच्या पैशांचं शेवटी काय झालं? लांड्सबांकी बुडाली तरी तिने दिलेली कर्जं होती, कंपन्यांतले हिस्से होते. अवसायकांनी ते घाईने न विकता हळूहळू वसूल केले. ठेवीदारांचा नंबर पहिला असल्याने ब्रिटन आणि नेदरलँड्सचा हिस्सा टप्प्याटप्प्याने जात राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या हक्काचं सगळं देणं फिटलं. बँकेचं देणं बँकेच्याच मालमत्तेतून. महागाईला बांधलेल्या गृहकर्जांना २०१४ मध्ये सरकारने थोडी सूट दिली, तीही बुडीत बँकांवर कर बसवून. उरलेले हप्ते त्या घरांनी भरले, त्यांवर त्यांच्या सह्या होत्या.