स्थावर मालमत्ता मूल्यांकनाचे शिक्षण (सुरत)

जमीन व इमारतींची किंमत कायद्याला मान्य होईल अशा रीतीने ठरवण्याच्या व्यवसायाची तयारी. सुरतेत जमिनीच्या धंद्यात उतरायचे म्हणजे दलाली, असेच बहुतेकांना वाटते. दलालाला स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) च्या कलम ९ खाली नोंदणी करावी लागते. ती नसताना नोंदणीकृत प्रकल्पातील घरांचे व्यवहार केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड होतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो. पदवीची अट मात्र या नोंदणीला नाही. ती आहे नोंदणीकृत मूल्यांककाला, म्हणजे बोलीतल्या ‘व्हॅल्युअर’ला.

पूर्वी मूल्यांककाची नोंदणी संपत्ती कर अधिनियमाखाली होत असे. तो कर आता रद्द झाला आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४७ खालील नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये लागू झाले. ‘जमीन व इमारत’ या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर पदवी असल्यास तीन वर्षे पुरतात. शिवाय मूल्यांककांच्या मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्यत्व, तिचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. परीक्षेत ६० टक्के गुण मिळवावे लागतात. सुरतेत स्थापत्य शाखेचे शिक्षण सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९६१) मिळते. मूल्यांकनातील पदव्युत्तर शिक्षणासाठी वल्लभविद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाची वाट धरावी लागते.

वर्गात न मिळणारा भाग कागदांत असतो. नगररचना योजनेतील (‘टीपी’) जमिनीचा ‘एफ फॉर्म’ उघडला की एकाच ओळीत मालकाचा मूळ खंड, रस्ते-बागांसाठी कपात होऊन हाती आलेला अंतिम खंड, दोन्हींची किंमत आणि मालकाने भरायचा वाटा दिसतो. ही ओळ ज्याला वाचता येत नाही त्याने सुरतेतल्या प्लॉटची किंमत सांगू नये. महाराष्ट्रात सरकारी दरांचे जे रेडी रेकनर तेच इथे ‘जंत्री’. २०११ चे तिचे जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले. भाव चौरस फुटात नव्हे तर ‘वारा’त सांगतात, एक वार म्हणजे नऊ चौरस फूट. शहराच्या काही भागांत ‘अशांत धारा’ लागू असल्याने तिथे विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हेही अहवालात यायला हवे.

उधना, लिंबायत, पांडेसरा येथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या ज्या मुलामुलींना या व्यवसायात यायचे आहे, त्यांनी बारावीनंतर लगेच धंद्यात न शिरता आधी पदवी घ्यावी. नियमांत अनुभव पदवीनंतरचाच धरतात. त्याआधी दलालाकडे काढलेली वर्षे जमेस येत नाहीत.