चार मीटरात बसवलेली डिकी

शिरूरहून न्हावरा, पारगाव करत चौफुल्याकडे निघालात, की मध्ये भीमा लागते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. उसाच्या हंगामात या रस्त्याने जायचं म्हणजे ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगत राहायचं. घरासाठी गाडी बघत होतो तेव्हा दादाचं म्हणणं होतं, टेस्ट ड्राइव्ह घ्यायची तर इथेच. शोरूमच्या माणसाने मात्र त्याच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणलं.

गाडी होती कॉम्पॅक्ट सेदान. आई मागे बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "गाडी छानच आहे रे, पण माझा अंबाडा छताला लागतोय. आणि डिकी बघ केवढी! माणसांपेक्षा सामानाची काळजी जास्त घेतलीय."

शोरूमवाला हसला. आईच्या तक्रारीचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. ते २००६ सालच्या बजेटमध्ये होतं.

पण त्याआधी जरा मागे जाऊ. दौंडच्या शेजारी इंदापूर तालुका. तिथलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव 'पद्मिनी' झालं. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही जिला ओळखता, तीच ही.

त्या काळात टेस्ट ड्राइव्ह ही भानगडच नव्हती. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. निवडायला होत्या दोन-तीन गाड्या. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते सरकारी लायसन्सवर ठरायचं, आणि काही वर्षं तर गाडीची किंमतही सरकारच ठरवत होतं. जी गाडी मिळायची ती चालवायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगला का, असं विचारण्यात अर्थ नव्हता.

आता गंमत बघा. पद्मिनीची लांबी चार मीटरपेक्षा थोडी कमी होती. इंजिन १०८९ सीसीचं. तरीही ती पूर्ण सेदान होती. पुढे बॉनेट, मध्ये माणसं, मागे डिकी. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

२००६ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली. छोटी गाडी म्हणजे कोणती? लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. म्हणजे पद्मिनी तेव्हा बनत असती, तर ती या व्याख्येत अलगद बसली असती.

नव्या सेदान मात्र बसत नव्हत्या. तेव्हा कंपन्यांनी त्या कापल्या. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी आखूड करून इंडिगो सीएस आणली. मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर चार मीटरच्या वर होती, २०१२ मध्ये तिचीही लांबी ३९९५ मिलिमीटर झाली. मग होंडाची अमेझ आली, ह्युंदाईची एक्सेंट आली. हॅचबॅकला डिकी चिकटवायची आणि टेपने मोजून चार मीटरच्या आत थांबायचं. डिकी दिसायला हवी, कारण आपल्याकडे डिकीवाली गाडी म्हणजे मोठी गाडी. जागा तर वाढवता येत नाही. मग छत मागे लवकर उतरतं, आणि आईचा अंबाडा त्याला लागतो.

याच काळात शिरूर तालुक्यात उलटी गोष्ट चालली होती. रांजणगाव म्हटलं की आधी अष्टविनायकातला महागणपती आठवतो. तिथून जवळच नगर रोडला लागून एमआयडीसी आहे. २००७ मध्ये टाटा आणि फियाट यांनी इथला कारखाना भागीदारीत चालवायचं ठरवलं. २००९ मध्ये इथे फियाटची लिनिया बनू लागली. साडेचार मीटरच्या पुढे लांब, ऐसपैस सेदान. सोबत टाटांची मांझा, तीही चार मीटरच्या वर.

लिनियाच्या डिझेल गाडीत १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन होतं. फियाटचं हे इंजिन रांजणगावलाही बनायचं. तेच इंजिन डिझायरमध्ये होतं. इतक्या गाड्यांत ते बसलं, की लोक त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. इंजिन एकच, पण आखूड डिझायरवर कर कमी आणि लांब लिनियावर जास्त. विक्रीत डिझायर कुठच्या कुठे निघून गेली. एकट्या करामुळे लिनिया मागे पडली असं नाही; सर्व्हिस, मायलेज, भरवसा अशी कारणंही लोक सांगतात. पण शर्यत सुरू होण्याआधीच एका गाडीच्या पाठीवर ओझं होतं, एवढं खरं.

आता फियाटचं नाव आपल्याकडच्या नव्या गाड्यांवर दिसत नाही. त्याच रांजणगावच्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन बनते. दिसायला उंच, दांडगी, आणि लांबी चार मीटरच्या आत! जीएसटीतही हीच मोजपट्टी टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आहे. सीसीच्या मर्यादाही त्याच. अर्थमंत्री बदलले, करांची नावं बदलली, टेप तीच राहिली.

कर कमी झाल्यावर आम्ही पुन्हा हिशेब मांडला. या वेळी शोरूमला गेलो नाही. दादाचा एक मित्र दौंडला राहतो, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे. त्याच्याकडे तेच मॉडेल होतं. रविवारी त्याची गाडी घेतली. पाच माणसं बसवली, डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं, एसी लावला आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरवर गाडी दम खात नाही ना, ते बघितलं. पाच जणांच्या ओझ्याने स्पीडब्रेकरला पोट घासतं का, ते बघितलं. एकदा घासलं. दौंडच्या बाजारात अरुंद गल्लीतून रिव्हर्स घेतली. तिथे आखूड शेपटीचा फायदा कळला. चार मीटरांना मी तोवर शिव्याच देत होतो.

येताना आई पुढे बसली. तिथे छत उंच होतं. पारगावच्या पुलावर तिने काच खाली केली आणि भीमेला हात जोडले.

गाडी तीच घेतली. आईची जागा पुढची, हे घरात न बोलता ठरलं. दादाची पोरं मागे बसतात. ती अजून लहान आहेत, त्यांचं डोकं छताला लागायला अवकाश आहे.