‘जेवलोच नाही, तं गोई कायले घेऊ?’ : एका घरगुती नियमाचा इतिहास

फेब्रुवारी 2021. अकोल्यात आमच्या घरी मोठेबाबांना ताप आला. शुगरचा त्रास बारा-तेरा वर्षांचा, टाइप टू. दोन दिवस तोंडाला चव नव्हती, पोटात फक्त चहा आणि थोडी मुगाची खिचडी. मोठ्याईनं गोळी पुढे केली तेव्हा ते म्हणाले, “जेवलोच नाही, तं गोई कायले घेऊ?” कुणालाच त्यात चूक वाटली नाही. मलाही नाही. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचं ग्लुकोमीटर आणून बोटाला सुई टोचली, तर यंत्रावर आकडाच येईना. ‘हाय’ अशी अक्षरं आली. बहुतेक यंत्रांत साखर 500-600 च्या वर गेली की असं दिसतं. मोठेबाबा त्यातून वाचले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि पुढे माझ्या पीएच.डी.च्या विषयात शिरला.

सिनॉप्सिसच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: ‘वऱ्हाडातील रुग्णांमधील अज्ञान व गैरसमज’. गाइडनी त्या ओळीवर काट मारली आणि बाजूला दोनच प्रश्न लिहिले: ‘कोणती गोळी? कोणत्या काळातली?’ आजचा लेख त्या दोन प्रश्नांबद्दल आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर लोकांच्या सवयींना ‘अज्ञान’ म्हणण्याआधी काय काय तपासावं लागतं, याचा हा एक नमुना समजा.

नियम आला कुठून?

‘जेवण नाही तर गोळी नाही’ या नियमाचा सगळ्यात जवळचा उगम खुद्द डॉक्टरांच्या खोलीत सापडतो. 1950 च्या दशकाच्या मध्यात युरोपात सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आल्या: आधी कार्बुटामाइड, मग टॉल्ब्युटामाइड. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ग्लिबेनक्लामाइड आलं, आपल्याकडे ‘डाओनिल’ नावानं ओळखीचं झालेलं. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, माणूस जेवला असो वा नसो. म्हणजे उपाशीपोटी ही गोळी घेतली तर साखर खाली घसरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतो, कधी बेशुद्ध पडतो. म्हणून डॉक्टर बजावून सांगत, ‘जेवण नसेल तर गोळी घेऊ नका.’ तो सल्ला त्या गोळीसाठी बरोबर होता.

त्याखाली आणखी जुना थर आहे. तापाच्या सुरुवातीला लंघन करावं, हा विचार चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत आहे, आणि ‘तापात पोट हलकं ठेव’ हे आपल्या घरांत आजही सांगितलं जातं. आता गंमत बघा, पाश्चात्त्य वैद्यकही एकेकाळी याच वाटेनं गेलं होतं. 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हा बूशार्दा या डॉक्टरच्या लक्षात आलं की मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन यांनी उपवास हाच उपचार केला. इन्सुलिन मिळेपर्यंत मुलांनासुद्धा उपाशी ठेवून जगवलं जायचं.

इथे संशोधनाच्या दृष्टीनं एक सावधगिरी. चरक, पॅरिस आणि अकोला यांत साम्य दिसलं म्हणून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असं लिहू नका. साम्य दिसणं आणि धागा सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एवढंच म्हणतो की ‘खाल्लं नाही तर साखर वाढणार कशी?’ हा तर्क वेगवेगळ्या ठिकाणी शहाण्या माणसांनी केलेला आहे.

न खाता साखर चढते कशी?

या तर्काला तडा गेला तो यकृतामुळे. 1848 मध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं की साखर फक्त अन्नातून येत नाही, यकृत ती स्वतः तयार करतं. पुढे 1857 मध्ये त्यांनी यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, वेगळा काढला. त्यानंतर शरीरातल्या इतर ग्रंथींचा हात दिसू लागला. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी पियूषिका ग्रंथीचा साखरेशी असलेला संबंध दाखवला आणि त्यासाठी 1947 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. 1948 मध्ये सांधेदुखीवर कॉर्टिसोन पहिल्यांदा वापरलं गेलं आणि थोड्याच काळात कळलं की स्टेरॉइड दिलं की साखर चढते.

हे सगळं जोडून बघा. ताप, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, काहीही झालं की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन जास्त सोडतं. हे यकृताला सांगतात, ‘साखर काढ.’ इन्सुलिनचा प्रभाव त्याच वेळी कमी होतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं, टाइप टूच्या रुग्णाचं सांभाळू शकत नाही. साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, शरीर कोरडं पडतं, आणि कोरडं पडलं की साखर आणखी दाट होते. माणूस दोन दिवस जेवलेला नसतो आणि रक्तात साखर 400 असते.

घराला काय दिसत होतं?

मग हे ज्ञान घरापर्यंत का आलं नाही? माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा इथे आहे.

घसरलेली साखर घरातल्या सगळ्यांना दिसते. घाम, थरथर, भोवळ. दहा मिनिटांत गडबड उडते, कुणीतरी गूळ-साखर तोंडात घालतं, माणूस सावरतो, आणि तो प्रसंग घर वर्षानुवर्षं विसरत नाही. चढलेली साखर मात्र मुकी असते. तहान, सारखी लघवी, गळून जाणं, गुंगी. ताप आलेल्या माणसाला हे सगळं असतंच. तापाच्या लक्षणांत साखरेची लक्षणं मिसळून जातात.

चढलेली साखर बघायची तर साधन लागतं, आणि साधन घरात नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेडिक्टचं द्रावण आलं. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचं, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग बघायचा. आपल्यापैकी अनेकांनी ही परीक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेत केली आहे. पण लघवीतली साखर म्हणजे काही तासांपूर्वीची बातमी. रक्ताच्या थेंबावर चालणारी डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी 1960 च्या दशकात आली, ती वाचणारं यंत्र 1970 च्या सुमारास, तेही दवाखान्यात ठेवण्यासारखं. आपल्या घरात ग्लुकोमीटर येणं ही फार अलीकडची गोष्ट.

म्हणून नियम कसा बनला? जे संकट दिसत होतं, त्यापासून वाचवणारा. ‘जेवण नाही तर गोळी नाही’ हा घसरणाऱ्या साखरेपासूनचा बचाव आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. न दिसणाऱ्या संकटाबद्दल मात्र त्या नियमात एक शब्दही नाही. याला अज्ञान म्हटलं की संशोधन तिथेच संपतं. ‘या घराला काय दिसू शकत होतं?’ असं विचारलं की ते सुरू होतं.

गोळ्या बदलल्या, वाक्य तेच राहिलं

आजारपणातल्या सूचना सुरुवातीला लिहिल्या गेल्या त्या प्रामुख्यानं इन्सुलिनवर जगणाऱ्यांसाठी. बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांनी 1918 मध्येच रुग्णांच्या हातात देण्यासाठी पुस्तिका काढली होती. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं आणि त्यानंतर एक सूचना पक्की होत गेली: जेवण नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. मधुमेहाचे दोन प्रकार आहेत असं हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी 1936 मध्ये मांडलं. ‘टाइप टू’ हे नाव तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वापरात 1999 मध्ये पक्कं झालं. त्याआधी ‘इन्सुलिनवर अवलंबून नसलेला मधुमेह’ म्हणत. जुने अंक चाळताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘टाइप टू’ शोधत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

दरम्यान गोळ्या वाढत गेल्या आणि प्रत्येकीचं आजारपणातलं वागणं वेगळं. ग्लिमेपिराइड सल्फोनिलयुरिया गटातलंच, म्हणजे उपाशीपोटी साखर घसरण्याची भीती. मेटफॉर्मिननं एकटीनं साखर सहसा घसरत नाही, पण उलट्या-जुलाबानं शरीर कोरडं पडलं तर ती थांबवायला सांगतात. अलीकडच्या एसजीएलटी-2 गटातल्या गोळ्यांबद्दल 2015 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला: आजारपणात या गोळ्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. इन्सुलिन तर मनानं बंद करायचंच नाही. चार औषधं, चार सूचना, आणि घरात एकच वाक्य. गाइडनी ‘कोणती गोळी?’ का विचारलं ते मला इथे कळलं.

2021 चा उन्हाळा

22 फेब्रुवारी 2021 च्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूरमध्ये आठवडाभराची टाळेबंदी लागली. दुसऱ्या लाटेचं नाव देशानं ऐकलं ते आधी आपल्याकडून. त्या वेळी घराघरांत तीन गोष्टी एकत्र आल्या: कोविडचा ताप, जेवण तुटलेला टाइप टूचा रुग्ण, आणि स्टेरॉइड.

डेक्सामेथासोननं कोविडचे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं जून 2020 मध्ये दाखवलं. रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. पण बातमीतून ‘स्टेरॉइडनं कोविड बरा होतो’ एवढंच उरलं आणि गरज नसलेल्यांच्या चिठ्ठीतही ते आलं. इथे पुन्हा दिसण्याचा प्रश्न येतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडनं साखर चढते ती मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी. आपल्याकडे तपासतात सकाळी, उपाशीपोटी. आकडा बरा येतो आणि घर निश्चिंत होतं.

मग मे महिन्यात म्युकरमायकोसिस आला. चढलेली साखर आणि स्टेरॉइड ही या बुरशीची आवडती जोडी. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. 20 मे 2021 रोजी केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यायोग्य ठरवायला सांगितलं. हा कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगमुळे झालेला. इतकी वर्षं न दिसलेली साखर सरकारी नोंदीत आली ती अशी, बुरशीच्या मागून.

कागद कुठे शोधायचे?

वऱ्हाडवर काम करणाऱ्यानं आधी नकाशा समजून घ्यावा. 1853 पासून हा भाग ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ होता, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे कागद एका जागी नाहीत. नागपूर, हैदराबाद, मुंबई आणि दिल्ली अशी फिरण्याची तयारी ठेवा.

आणि कागद सापडले तरी मधुमेह सहज सापडणार नाही. ब्रिटिश काळातल्या मृत्यूच्या तक्त्यांत रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर. मधुमेही माणूस तापात गेला तर तो ‘ताप’ या रकान्यात. घराला जे दिसत नव्हतं ते सरकारच्या तक्त्यालाही दिसत नव्हतं. म्हणून या तक्त्यांवरून ‘तेव्हा वऱ्हाडात मधुमेह नव्हता’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

अलीकडच्या काळासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन कुठल्याच अभिलेखागारात नाही. ते म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाच्या हिशेबाशेजारी अनेक घरांत साखरेचे आकडे लिहिलेले असतात. आमच्या घरच्या 2021 च्या पानांवर जानेवारीपर्यंत दर आठवड्याला मोठ्याईच्या अक्षरात आकडा आहे, सगळे सकाळचे. फेब्रुवारीत ताप आल्यापासून पाच दिवस कोरे. गोळी बंद, म्हणून तपासणीही बंद. एखाद्या मुलाखतीत हे कुणी मला सांगितलं नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नसतं. साधन वाचताना कोऱ्या जागाही वाचा.

घरी कुणाला शुगर असेल तर

इतिहास बाजूला ठेवून एवढं सांगतो. ताप, उलट्या, जुलाब असताना साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, दिवसातून निदान तीन-चार वेळा, आणि संध्याकाळचा आकडा चुकवू नका. पाणी थोडं थोडं घेत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे तिचं नाव सांगून फोनवर का होईना, विचारा. साखर 300 च्या वर राहत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, गुंगी येत असेल किंवा धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि ही विचारपूस बरं असतानाच करून ठेवलेली उत्तम.

माझ्या सिनॉप्सिसमधली ती ओळ आता अशी आहे: ‘वऱ्हाडातील घरांमध्ये मधुमेहाचे काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते’. मोठेबाबांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, “म्हणजे माही चूक नव्हती न?” मी म्हटलं, चूक नव्हती, पण नियम अर्धाच होता. आता त्यांच्या कालनिर्णयवर आकडे दोन रांगांत असतात, सकाळचा आणि संध्याकाळचा.