तेल राखणारें कडें

भोकरदन, जाफराबाद, अंबड या तालुक्यांतील एखाद्या जुन्या घराच्या पडवींत धूळ खात उभी असलेली राजदूत किंवा येझदी मोटारसायकल अजूनहि क्वचित् दृष्टीस पडते. ती कां उभी आहे असें विचारिलें तर "तेल पिते" एवढेंच उत्तर मिळतें. ऑइल-सील तीन वेळां बदललें, तरी धूर कांहीं जात नाहीं, असेंहि घरधनी सांगतो. जालना शहरीं भंगार वितळवून लोखंडी सळ्या तयार करणारे मोठे कारखाने आहेत. तेव्हां अशा यंत्राचा शेवट कोठें व्हावयाचा हें सांगण्यास ज्योतिषी नको. हा निकाल ज्या वस्तूमुळें लागतो, ती मुठींत मावेल एवढें एक रबरी कडें आहे. त्या कड्याचा इतिहास पाहिला, म्हणजे दोष कोठें असतो तेंहि उमगतें.

फिरणाऱ्या आंसाभोवतीं वंगण टिकवून धरणें ही मनुष्याची फार जुनी अडचण आहे. आपल्या बैलगाडीनें ती कधीं सोडविलीच नाहीं. वंगण गळत गेलें आणि गाडीवान तें पुन्हा घालीत राहिला. पाणी अडविण्यास मात्र आपण कातडें वापरलें. मराठवाड्याच्या विहिरींवर चालणारी मोट कातड्याचीच असे. पाश्चात्य यंत्रकारांनींहि प्रथम कातडें व लोकरीचा नमदा यांचाच आश्रय केला. परंतु यंत्रांची गति वाढली, तसें नुसतें गुंडाळलेलें कातडें पुरेना.

जर्मनींतील वाइनहाइम येथें फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा कातडीं कमावण्याचा कारखाना १८४९ पासून चालत आला होता. १९२९ च्या जागतिक मंदीनें कातड्याचा व्यापार बसला, आणि त्या कारखान्यानें यंत्रांसाठीं कातडी सीलें करण्यास आरंभ केला. पुढें १९३२ मध्यें वॉल्थर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नांवानें ओळखलें जाणारें 'सिमररिंग' तेथें निघालें. धातूच्या कड्यांत बसविलेली कातड्याची ओठासारखी कड, आणि ती कड आंसावर हलकेच दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, अशी त्याची रचना होती. त्याच दशकांत तेलानें न फुगणारें कृत्रिम रबर तयार होऊं लागलें व हळूहळू कातड्याची जागा त्यानें घेतली. पदार्थ बदलला, परंतु आंस गुळगुळीत असावा व नेमका मध्यावर फिरावा, ही त्या कड्याची अट बदलली नाहीं. आमच्या पडवींतील दुखण्याचें मूळ याच अटींत आहे.

म्हैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून जावा व पुढें येझदी या नांवानें गाड्या तयार झाल्या. १९९६ मध्यें तो कारखाना बंद पडला. राजदूत ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीनें येथें बनविली. खेड्यांतील खडबडीत वाटांवर या गाड्यांनीं पुष्कळ वर्षें संसाराचा भार वाहिला. दोहोंचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. त्यांत पिस्टन वर जातांना खालच्या क्रँक-पेटींत पोकळी होऊन पेट्रोल व हवेचें मिश्रण आंत ओढलें जातें. पिस्टन खालीं येतांना तेंच मिश्रण दाबलें जाऊन सिलिंडरांत चढतें. म्हणजे येथील सीलांना तेल आणि श्वास, दोन्ही राखावे लागतात.

क्लचच्या बाजूचें सील सुटलें, तर गिअरचें तेल आंत ओढलें जाऊन जळतें. जमिनीवर थेंब पडत नाहीं. पण सायलेन्सरमधून दाट पांढुरका धूर निघतो आणि गिअरपेटी रिकामी होत जाते. मॅग्नेटो किंवा डायनामोच्या बाजूचें सुटलें, तर बाहेरची हवा आंत शिरते. मिश्रणांत पेट्रोल, व त्याबरोबर येणारें वंगणहि, कमी पडतें. पिस्टन तापून सिलिंडरांत अडकतो आणि भर रस्त्यांत मागचें चाक एकाएकीं थांबतें. हें दुसरें दुखणें धूर दाखवीत नाहीं, म्हणून तें अधिक घातक.

आतां सील बदलूनहि गळती कां राहते? वर्षानुवर्षें एकाच जागीं घासून रबराच्या कडेनें पोलादी आंसावरहि बारीक चर पाडलेला असतो. नवें सील त्याच चरावर बसतें. आंसावरून नख फिरवावें. नख अडकलें तर दोष आंसाचा समजावा. सील बसण्याची जागा थोडी सरकवितां येत असेल तर सरकवावी, नाहीं तर चांगल्या लेथ-कारागिराकडून आंसावर पातळ पोलादी कवच चढवून घ्यावें. आंस हातानें वरखालीं हलत असेल, तर बेअरिंग झिजलें आहे. तें आधीं बदलावें, कारण डुलणाऱ्या आंसावर कोणतेंहि सील टिकत नाहीं. नवें सील बसवितांना त्याच्या ओठाला तेल लावावें, आणि चावीच्या खांचेची धार ओठास कापणार नाहीं अशी पातळ पट्टी मधें घालावी. शेवटीं सिलिंडरचीं कार्बुरेटर व सायलेन्सरकडील तोंडें बंद करून सायकलच्या पंपानें बेतानें हवा भरावी, आणि दोन्ही सीलांभोवतीं साबणाचा फेस लावावा. बुडबुडा उठला तर काम अपुरें आहे.

तीन वेळां सील बदलणाऱ्या घरधन्यानें खर्च केला, श्रमहि केले. फक्त आंसावरून नख फिरविण्याचें राहून गेलें. भंगाराचा वजनकांटा त्या चराकडे पाहत नाहीं. म्हणून गाडी कांट्यावर चढविण्यापूर्वीं तें नख एकदां फिरवून पाहावें.