पटावरची घरे

पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थी जे विषय सुचवतात, त्यांत अलीकडे ‘खेळ’ हा विषय वरचेवर दिसू लागला आहे. प्रत्यक्ष व्यवहाराचे प्रतिरूप उभे करणारे खेळ, म्हणजे सिम्युलेशन, आणि खेळाबाहेरच्या कामाला गुण, पदके व पायऱ्या लावून ते खेळासारखे करण्याची रीत, म्हणजे गेमिफिकेशन, हे या विषयाचे दोन प्रमुख भाग. अशा प्रकल्पांची मांडणी बहुधा ठरलेली असते. आरंभी क्लार्क अ‍ॅब्ट यांच्या १९७० सालच्या ‘सीरियस गेम्स’ या पुस्तकाचा निर्देश, मग गेमिफिकेशन हा शब्द २०१० नंतर सर्वत्र रूढ झाल्याचा उल्लेख, आणि ‘भारतीय परंपरा’ या उपशीर्षकाखाली एकच वाक्य : सापशिडीचा खेळ संत ज्ञानेश्वरांनी निर्माण केला. पुढच्या पानापासून विद्यार्थी पुन्हा मोबाइलवरील खेळांकडे वळतो.

आमच्या मते ज्या वाक्यापाशी हे विद्यार्थी थांबतात, तेथूनच साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते.

प्रथम पुराव्याचा विचार करू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे माजी ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखित-संग्रहातील मोक्षपटांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. या पटांवर काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे साप आहेत, चढून जाण्यासाठी शिड्या आहेत, आणि खेळणाऱ्याला वाट दाखवणारा मराठी मजकूर आहे. निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर माधुकरीला गेले की घरी राहिलेल्या सोपान-मुक्ताईंना विरंगुळा हवा, म्हणून हा खेळ रचला गेला, अशी कथा त्याच्याशी जोडलेली आहे. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. या जातीच्या खेळाचे जे कालनिश्चित पट आज उपलब्ध आहेत, ते मात्र अठराव्या शतकापासूनचे आहेत. मधली चारशेहून अधिक वर्षे ओलांडून कर्तृत्वाचा निर्णय देणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

म्हणून कथा टाकून द्यावी काय? तसे आम्हांला वाटत नाही. ती तेराव्या शतकाविषयी साक्ष देत नसली, तरी ज्यांनी ती सांगितली व जपली, त्यांच्याविषयी पुष्कळ काही सांगते. गावाने वाळीत टाकलेल्या घरातील दोन पोरक्या भावंडांना जगाचे नियम समजावून देण्यासाठी खेळ हवा, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याने खेळाकडे केवळ करमणूक म्हणून पाहिलेले नाही. आख्यायिकेचे असे वाचन करण्याची सवय मराठीच्या विद्यार्थ्याला असते. प्रकल्पात तिचा उपयोग व्हायला हवा.

या खेळाचे नमुने देशात अनेक ठिकाणी मिळतात. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणतात. जैन परंपरेत चौऱ्याऐंशी घरांचे पट आहेत. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला मेजर हेन्री डंडस रॉबर्टसन यांनी १८३१ मध्ये दिलेला वैष्णव पट १२४ घरांचा आहे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ पासून या पटांचा विस्ताराने अभ्यास केला. पुढे जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये या खेळावर पीएच. डी. चा प्रबंध सादर केला. त्याच्या शीर्षकातच अठराव्या आणि विसाव्या शतकांतील पश्चिम भारताचा निर्देश आहे. आपल्या दप्तरांतल्या पटांवर डेन्मार्कमधील विद्यार्थी प्रबंध लिहितो आणि आपण त्यांना एका वाक्यात निकाली काढतो, याची खंत वाटते.

या पटाचे वैशिष्ट्य हे की त्याचे प्रत्येक घर लिहिलेले असते. सोंगटी पंचविसाव्या किंवा सदतिसाव्या घरात जात नाही. ती कोणत्या तरी दोषात, गुणात, लोकात जाते. साप कुठून निघतो आणि कुठे सोडतो, यात एक विधान असते : या दोषाचे हे फळ. कवड्या कशा पडतील हे खेळणाऱ्याच्या हाती नसते, पण पडझड का झाली हे पटावर वाचता येते. अर्थात हा पट म्हणजे एक संहिताच होय. तिचे वाचन क्रमाने होत नाही. दर डावाला ते निराळ्या क्रमाने होते, एवढाच ग्रंथाहून फरक.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ या नावाने रूढ झाला. प्रारंभीच्या इंग्रजी पटांवर व्हिक्टोरियन सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. पुढे तीही गेली आणि एक ते शंभर आकडे तेवढे उरले. आपल्या घरांत परत आलेली सापशिडी ती हीच. साप राहिले, शिड्या राहिल्या, आणि घरांतील मजकूर पुसला गेला.

अशीच गोष्ट अमेरिकेत घडली. लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले. जमिनीच्या भाड्यातून थोड्यांची भरभराट आणि अनेकांची कंगाली कशी होते, हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता. त्यातूनच पुढे ‘मोनोपॉली’ आला. पार्कर ब्रदर्स कंपनीने तो १९३५ पासून विकला आणि मूळ टीकेचे रूपांतर मालमत्ता गोळा करण्याच्या आनंदात झाले. आपल्याकडचा ‘व्यापार’ हा त्याच कुळातला. आजच्या गेमिफिकेशनमधील गुण आणि पदके याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहेत. तेथे चढणे आहे, पण कशावरून कशावर चढलो हे सांगणारे घर नाही.

जमिनीच्या खेळाचा विषय निघाला की भायखळ्याच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. राणीच्या बागेच्या आवारात १८७२ मध्ये खुल्या झालेल्या आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयात मुंबईच्या निरनिराळ्या समाजांच्या आणि व्यवसायांच्या लहान लहान मातीच्या प्रतिकृती आहेत. तेही शहराचे प्रतिरूपच, पण स्थिर. कोण काय करतो हे प्रतिकृती दाखवते. कोणाचे काम कोणत्या नियमाने गेले, हे दाखवायला खेळ लागतो.

गिरणगावाची अलीकडची कहाणी नियमांचीच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाला येणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता गिरणीच्या आवारातील मोकळ्या भागापुरती झाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. पट तोच, खेळणारे तेच, आणि एका ओळीच्या फेरफाराने सार्वजनिक वाटा कितीतरी आक्रसला.

उरलेल्या वाट्यातील घरे गिरणी कामगारांना सोडतीने मिळाली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्ज सुमारे दीड लाख. २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची सोडत निघाली. मोक्षपटाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला येथे थबकावेसे वाटेल. मोक्षपटावर कवडीचे दान दैवाचे असले तरी खाली येण्याचे कारण लिहिलेले असते. सोडतीत ज्याचा क्रमांक लागला नाही, त्याला कोणते घर का नाकारले गेले हे वाचायला मिळत नाही. ती कारणे १९९१ आणि २००१ च्या नियमांत आहेत, आणि ते नियम सहसा कोणी वाचत नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. मालक, कामगार, महापालिका आणि म्हाडा अशा चार भूमिका घेऊन एक पट आखावा. एक डाव १९९१ च्या नियमाने खेळावा, दुसरा २००१ च्या. नियमांची भाषा शब्दशः वाचावी. जयंत पवारांचे १९९७ चे ‘अधांतर’ हे संपानंतरच्या गिरणगावातील कुटुंबाचे नाटक शेजारी ठेवावे. नाटकाच्या प्रयोगालाही आपण ‘खेळ’ म्हणतो, याचा अर्थ मग कळेल. आणि प्रत्येक घरात काहीतरी लिहावे, म्हणजे सोंगटी खाली आली तर ती का आली, हे खेळणाऱ्याला वाचता येईल.