प्रत्येक जुनाट खोकला टीबी नसतो

भाटघरकर मंडळी, दोन मिनिटं काढून वाचा.

आपल्याकडे जुनाट खोकला म्हटला की टीबी. ती तपासणी हवीच, पण दर वेळी तोच नसतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार वेगळा ओळखला. यात कफ चिकट होऊन फुफ्फुसात साचतो. भारतात तो १९६८ मध्ये नोंदवला गेला.

आधी कफ काढायला रुग्णाला डोकं खाली करून झोपवायचे आणि घरचं माणूस छाती-पाठ थोपटायचं. पण मोठ्या माणसाला रोज कोण थोपटणार? मग न्यूझीलंडमध्ये आणि लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात श्वासाचीच पद्धत बसवली गेली. आधी सावकाश श्वास, मग खोल श्वास घेऊन तीन सेकंद थांबायचं, शेवटी आरशावर वाफ सोडावी तसा उघड्या तोंडानं 'हाः'. यंत्र नको की दुसरा माणूस नको. शिकवणारा फिजिओथेरपिस्ट मात्र हवा.

१९२८ ला पुरं झालेल्या आपल्या धरणाचं पाणी बारामतीपर्यंत पोचलं. मग पुण्यातलं हे शिक्षण भोरपर्यंत का येऊ नये? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी असा माणूस बसावा, म्हणून मी अर्ज लिहितोय. सही कराल ना?